दक्षिणेकडचं छप्पर

वरचीवाडी, देवरूख
२ मे २०२५

ती. लवूकाका यांस,
दर्शनाचा सा. न. वि. वि.

एका घराची दोन भावांत वाटणी झाली, तर छपरावरचं ऊन कोणाच्या वाट्याचं? मी पदवी घेतली, पण याचं उत्तर मला येत नाही.

फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं असं तुम्ही म्हणता, म्हणून लिहिते. चिरेखाणीच्या धुळीने बाबांची छाती गेली, हे तुम्ही जाणताच. आता दिवसाचे बारा-चौदा तास ते ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. गेल्या आठवड्यात वादळात सकाळी वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी आली. इन्व्हर्टर तीन तासांत संपला. शेजारच्या निलेशच्या रिक्षातून बाबांना दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांचे ओठ निळे पडले होते.

बॅटरीसकट सोलर बसवायचं मनात आहे. आधी मी वाडीभर सांगत सुटले होते की पॅनल असले की लाईट गेली तरी काळजी नाही. बॅटरी नसेल तर तेही बंद पडतात, हे बसवणाऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं. आई तेव्हापासून मला मॅडम म्हणते.

आमच्या बाजूला डोंगराची सावली आहे. ऊन आहे ते तुमच्या, दक्षिणेकडच्या छपरावर. शिवाय विजेचा मीटर ज्याच्या नावावर त्यालाच सोलर मिळतं; तो अजून आजोबांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. तो बाबांच्या नावावर करायला तुमची सही लागेल. एवढं कराल ना?

मुलीवर माया आहेच, ती अशीच राहू द्या.
दर्शना

भांडुप
१३ मे २०२५

चि. दर्शनास अनेक आशीर्वाद.

दादाचं वाचून तुझी गोदाकाकू रडली. मलाही घास गेला नाही. पण सही करणार नाही, हे स्पष्ट लिहितो.

शिमग्याला आलो तेव्हा माझ्या खोलीचं कुलूप बदललेलं, आत तुमची भाताची पोती. कोणी विचारलं होतं? मी पडवीत झोपलो, बोललो नाही. आज मीटर, उद्या घरपट्टी, मग मी गणपतीला पाहुणा म्हणून यायचं. तीस वर्षं इथे एका खोलीत काढली ती गावच्या त्या दोन खोल्यांच्या भरवशावर.

घरात पहिली तू शिकलीस, मी अख्ख्या चाळीला पेढे वाटले. पण बाय, कागद नेहमी शिकलेल्याच्याच बाजूने बोलतो. आणि पावसात ऊन कुठून आणणार आहेस? दादाला मशीनसकट इकडे पाठव, आम्ही बघू.

वहिनीला नमस्कार. मनात राग धरू नये.
लवूकाका

वरचीवाडी, देवरूख
२७ मे २०२५

ती. लवूकाका यांस,
सा. न. वि. वि.

पोती मी ठेवली होती. कुलूप गंजलं होतं म्हणून तोडलं, नवं लावलं आणि चावी पाठवायची राहिली. आईचा दोष नाही. पोती बाहेर काढली, चावी सोबत आहे.

पावसात वीज कमीच मिळेल, तुमचं खरं आहे. पण मधूनमधून लाईट येते तेव्हाही बॅटरी भरता येते. रात्र निघाली तरी पुरे.

तुमच्याकडे यायला बाबा तयार नाहीत. दोन जिने मला कोण चढवणार, लवू की त्याची गुडघेदुखी, असं म्हणून हसले आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिले.

म्हणून मी ठरवलं. मीटर तुमच्याच नावावर होऊ दे. छप्पर तुमचं, पॅनलही तुमच्या नावाने. आमची हरकत नाही, असं बाबांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. सही करताना ते दोनदा श्वास घ्यायला थांबले. शिकून तू बापाचा हक्क घालवलास, असं आई म्हणाली आणि तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिचं चुकतंय, असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

काकूंना नमस्कार. रागवा, पण परकी करू नका.
दर्शना

ता. क. काल नोटरी झाली. झेरॉक्स काढून ठेव म्हणून आईने निलेशच्या हाती पैसे दिले होते, ते तिला परत केले. मूळ कागद याच पाकिटात आहे. दुसरी प्रत ठेवलेली नाही.