आप्पांच्या कार्डावरचा राहिलेला शिक्का

११ जाने., रवि.
आप्पांबरोबर नव्वद किमी. पाय म्हणजे नुसते लाकडाचे ओंडके झालेत. आप्पा एकसष्टचे, मी त्रेचाळीसची, आणि घरी आल्यावर आडवं कोण पडलं तर मी. तीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी सायकलवर, राहूपासून पार नदीकडच्या वस्त्यांपर्यंत. शाळेत शिकवायला जाताना मला रस्त्यात दिसायचे तेव्हापासून 'बाई, सायकल घ्या, गुडघं गंजत्याल' म्हणायचे. घेतली शेवटी, दोन वर्षं झाली. आता गुडघा त्यांचाच दुखतोय. डॉक्टर म्हणतात, यंदा चालवायची तेवढी चालवा, पुढच्या वर्षी ऑपरेशन.

पुढच्या रविवारी दोनशे. ह्यांना परत एकदा समजावून सांगितलं, कारण हे दर वेळी विचारतात, नंबर कितवा येणार? अहो, नंबर नसतो. दौंडहून सकाळी सहाला निघायचं, न्हावरे, शिरूर, परत फिरून चौफुला, यवत, भुलेश्वरचा घाट चढून माळशिरस, मग जेजुरी, मोरगाव, सुपे, पाटस, दौंड. साडेतेरा तासांत जो येईल त्याला मेडल. वाटेत चार ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, दर ठिकाणची वेळ ठरलेली. उशीर झाला की शिक्का नाही, आणि एक शिक्का चुकला की मेडल नाही. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. रायडरनं रायडरला केली तर चालते.
हे म्हणाले, "म्हणजे परीक्षाच की, फक्त कॉपी करायला मिळत नाही."

१४ जाने., संक्रांत
हळदीकुंकवाला बायका गालात हसत होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुनंदाबाई, ती चड्डी घालून दौंडला जाणार व्हय?" म्हटलं, जाणार. तिळगूळ घ्या.
आप्पांची ही तिसरी खेप. पहिल्यांदा पाऊस, दुसऱ्यांदा मोरगावजवळ चक्कर आली. आज ओट्यावर बसून म्हणाले, "तीस वर्सं सायकल मारली, कुनी टाळी वाजवली न्हाई. एक बिल्ला गळ्यात पडू दे, मग गुडघा गेला तरी चालंल." हसून म्हणाले, पण थट्टा नव्हती ती.

१७ जाने.
सायकली पिकअपमध्ये टाकून दौंडला नणंदेकडे, रेल्वे कॉलनीत. पंप घरी फ्रीजवर राहिला. आता कळलं! ह्यांची ड्यूटी, आणून द्यायला कोणी नाही. आप्पा म्हणतात, माझा हाय की. झोपते.

१९ जाने., सोम.
झालं!! १३ तास २४ मिनिटं. सहा मिनिटं राखून. मेडल जड आहे, वाटलं नव्हतं एवढं.
आप्पांचं राहिलं. घाटावरचा शिक्का २.२० ला बंद, ते २.२९ ला पोचले. नऊ मिनिटं. तरी पठ्ठ्या पुढचे ऐंशी किमी चालवून दौंडला आला.
पाय दुखतात. शाळेत बसूनच शिकवलं. जास्त लिहवत नाही.

२० जाने.
सगळ्यांचे फोन. मी आपली थँक्यू थँक्यू.

२१ जाने., बुध.
लिहूनच टाकते. ही वही माझी आहे, इथे कुणाला घाबरायचंय.

आप्पांना उशीर माझ्यामुळे झाला. पारगावच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा. पंप नाही. आप्पा पुढे होते, वळून आले, स्वतःची ट्यूब दिली. ते म्हणत होते, "बाई, टायरात बोट फिरवून बघा, काटा आत आसंल." मी घाईची. झालं झालं, चला म्हणून चाक बसवलं. दोन किमीवर परत फुस्स. मग आप्पांनीच टायर मांडीवर घेतलं, बोटानं चाचपून काटा काढला, ठिगळ लावलं. चाळीस मिनिटं गेली. ते पुढे निघून गेले असते तर आज मेडल त्यांच्या गळ्यात असतं. गेले नाहीत.

मग यवत, मग घाट. ऊन डोक्यावर, दोन वाजत आलेले. आप्पा गुडघ्यामुळे मागे पडले, मी थोडी पुढे. शेजारून ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत उसाचं वाढं, वरच्या कोरडवाहू गावांत जनावरांना चाललेलं. फर्स्ट गिअरमध्ये, माणूस चालेल तेवढ्याच वेगानं. आणि माझा डावा हात उठला आणि ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची साखळी धरली.
देवाशप्पथ, आधी विचार नाही केला. आम्ही वडगाव रासाईच्या मुली न्हावऱ्याला हायस्कूलला अशाच जायचो. एक हात हँडलला, एक हात उसाच्या ट्रॉलीला. वर्षानुवर्षं. आमच्याकडे ज्याला ट्रॉली धरता येत नाही त्याला सायकल येते असं कुणी म्हणतच नाही.
ड्रायव्हरनं मागं बघितलं, म्हणाला, "धरा ताई, धरा, म्होरं लई चढ हाय."
पण हात आपोआप गेला, हे पहिल्या क्षणाचं झालं. नंतर तर मला कळत होतं ना. घड्याळ बघितलं, आणि नाही सोडला. दोन वळणं.
२.१६ ला वर. शिक्का. आप्पांसाठी थांबलेसुद्धा नाही, खाली उतरून जेजुरीला गेले. तिथे वडापाव खात होते तर आप्पा हजर. मी विचारलं, शिक्का? नाही अशी मान हलवली फक्त. आणि सुप्यापासून समोरून वारा लागला तर पुढे कोण? आप्पाच. मी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून, वारा त्यांनी खायचा, वेळ माझी वाचायची. लाज वाटते. लिहिताना कान तापलेत.

२४ जाने., शनि.
ह्यांना सांगितलं. हे हसले. "अगं, दोन वळणं! दोनशे किलोमीटरमध्ये दोन वळणं म्हणजे भाजीतलं मीठ."
मीठ कमी-जास्त झालं की ताट सरकवणारा माणूस हा!
मुख्याध्यापकांनी ठरवलंय, २६ ला झेंडावंदनानंतर माझा सत्कार. नको म्हटलं तर म्हणाले, "मॅडम, विनय पुरे."
विनय कसला डोंबलाचा.

२६ जाने.
शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. सरपंच बोलले, तालुक्यात गावाचं नाव काढलं. आप्पांनाही कुणीतरी धरून आणलं होतं, पहिल्या रांगेत खुर्चीवर. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्या.
मला जिद्दीवर बोला म्हणाले. बोलले काहीतरी. मग चौथीतली कोमल उठली, "बाई, घाटात दमला न्हाईत का? खाली उतरून ढकलली का सायकल?"
म्हटलं, "नाही गं, एकदाही उतरले नाही."
शब्दाला शब्द खरं. आणि खोटं केवढं. सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली, मी आप्पांकडे बघितलं, ते खाली मान घालून टोपी नीट करत होते. तेव्हा वाटलं, आप्पांनी बघितलंय. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं असेल. पण वाटलं.
आणि दोन नाही. चार वळणं होती. खरं लिही बये, निदान इथे तरी. चार.

२९ जाने.
आयोजकांना मेल लिहिला. "मी घाटात ट्रॅक्टर-ट्रॉली धरली होती, माझा निकाल रद्द करावा, मेडल कुरिअरनं परत करते." सहा ओळी. पाठवला नाही. आधी आप्पांना सांगायचं, मग पाठवायचा. दुसऱ्याकडून त्यांच्या कानावर जायला नको.
ठरवल्यावर बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

१ फेब्रु., रवि.
गेले होते आप्पांकडे.

आप्पा अंगणात शेळीला पाला टाकत होते. त्यांची बायको, काकी, घरात. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, ट्रॉली, साखळी, चार वळणं, सगळं. आप्पा पाला टाकत राहिले. मग म्हणाले, "व्हय. दिसलं हुतं. तिसऱ्या वळणाला मी खालनं बघत हुतो."
मला रडूच आलं. म्हटलं, मग बोलला का नाहीत इतके दिवस?
"बसा आदी."
बसले. मग त्यांनी सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. ते वर पोचले तेव्हा शिक्क्यावाल्या पोरांनी त्यांना बाजूला घेतलं. एका पुण्याच्या रायडरनं तक्रार केली होती की एक बाई ट्रॅक्टर धरून आली. त्यांनी आप्पांना विचारलं, तुम्ही तिच्या मागेच होता, बघितलं का?
"मी म्हनलो, न्हाई. बाई पायडल मारीत गेल्या. त्यांनी कागदावर लिवून घेतलं, मी सही केली."
म्हटलं, आप्पा! तुम्ही खोटं बोललात? तुम्ही?
"तीस वर्सं लोकांची पत्रं पोचवली, बाई. कुनाचं उघडं पाकीट आलं तरी वाचलं न्हाई. ज्याचं त्यानं सांगायचं आसतं. मी कोन सांगनार?"
"पण सही केलीत."
"केली खरी. ती न्हाई करायला पायजे हुती. तवा काय सुचलं न्हाई. आपल्या मानसाचं नाव निघालं, तोंडातनं 'न्हाई' निघून गेलं."
मी मेलची गोष्ट सांगितली. ते हो म्हणाले नाहीत, नको पण म्हणाले नाहीत. "तुमच्या मनाला जे वाटंल ते करा. माझं काय."
काकींनी चहा आणला. जाताना काकी दारापर्यंत आल्या, हळूच म्हणाल्या, "बाई, २२ तारखेला परत हाय म्हनं ती सायकल. रोज पहाटं उटून गुडघ्याला तेल चोळत्यात. ह्या बारीला जाऊ द्या बया त्येंना."

२ फेब्रु.
नियमांची पीडीएफ शाळेत मधल्या सुट्टीत वाचली. तेरावं कलम. नियम मोडणाऱ्याचा निकाल रद्द. आणि खोटी साक्ष देणाऱ्या रायडरला एक वर्ष प्रवेश नाही.
एक वर्ष. पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन.
म्हणजे मी खरं बोलले तर शिक्षा मला जेमतेम, मेडल परत, बस. आणि सगळी आप्पांना. मी पाप केलं, मी कबूल केलं, मी मोकळी झाले, आणि म्हातारा घरी. असलं कसलं खरं बोलणं?
आणि नाही बोलले तर? तर काय, रोज वर्गात 'खरे बोला' चा तक्ता माझ्याच डोक्यावर.

३ फेब्रु.
हे म्हणतात, २२ तारीख होऊ दे, त्यांना मेडल मिळू दे, मग पाठव तुझा मेल. हिशोबी माणूस.
पण मग त्यांचं मेडलसुद्धा काढून घेतील की. गळ्यात घालून परत काढायचं, ते तर आणखी वाईट. आणि मेलमध्ये आप्पांचं नाव नाही घातलं तरी त्यांच्याकडे सहीचा कागद आहेच. कुठूनही गेलं तरी त्यांच्यापाशीच येतं.
आज सायकल बाहेर काढलीच नाही.

५ फेब्रु., गुरु.
शाळा सुटल्यावर आप्पा घरी आले. टोपी हातात, परक्या घरात आल्यासारखे लाजलेले. २२ चा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, त्यांना जमत नाही, दर वेळी मीच भरते. आधार कार्ड, फोटो, सगळं पिशवीत घालून आणलेलं. काकींनी मेथीची जुडी दिलेली.
मेलबद्दल चकार शब्द नाही. मी पण नाही काढला.

ओट्यावर बसून भरायला घेतला. नाव, वय, रक्तगट. इमर्जन्सी नंबर म्हणून माझाच सांगितला. शेवटी एक नवीन चौकट, मागच्या वेळी नव्हती: 'यापूर्वीच्या सर्व राइडमध्ये मी नियम पाळले आहेत व दिलेली सर्व माहिती खरी आहे.' समोर टिक करायची. टिक केल्याशिवाय फॉर्म जात नाही.
वाचून दाखवलं. मुद्दाम मोठ्यानं, सावकाश.
आप्पा रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "काय आसंल ते करा टिक. तुमचा हात चांगला चालतो मोबाइलवर."
माझं बोट काही खाली जाईना. टिक मी करायची, खोटं माझं, नाव त्यांचं. नाही करायची तर कारण सांगायचं, आणि कारण मीच.
आप्पा थोड्या वेळानं म्हणाले, "थांबला का? रेंज न्हाई का?"
म्हटलं, "रेंज आहे. चहा टाकते."

आत आलेय. चहाचं आधण ठेवलंय आणि स्वयंपाकघरात उभ्यानं हे लिहितेय. फोन बाहेर आप्पांपाशी नाही ठेवला, माझ्या डाव्या हातात आहे. एकीकडे फॉर्म उघडा, एकीकडे तो सहा ओळींचा मेल.
बाहेरून हाक आली, "बाई, झालं का?"