शेवटच्या चार ओळी एकत्र गाण्यास परवानगी मिळण्याबाबत

दिनांक : १४ ऑक्टोबर, सोमवार

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
सार्वजनिक करमणूक शाखा,
दुसरा मजला, खोली क्र. २७.

विषय : शुक्रवार दि. १८ रोजी दुपारी अडीचच्या खेळात एका गाण्याच्या शेवटच्या चार ओळी दोन व्यक्तींना एकत्र गाऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या शाखेचा दि. १६ सप्टेंबरचा आदेश, कलम ४.
२) एका सायंदैनिकातील दि. ११ सप्टेंबरचे वृत्त, पान ३ (वरील आदेशाचा आधार).

महोदय,

१. संदर्भ क्र. २ मधील वृत्त मी लिहिले आहे. ही गोष्ट अर्जाच्या शेवटी सांगण्याचा मोह झाला होता. पण महत्त्वाचे ते वर लिहावे, ही आमच्या कामाची शिस्त आहे. मी सदर सायंदैनिकात एकवीस वर्षे उपसंपादक आहे. आमचे शेवटचे पान सकाळी साडेअकराला छपाईला जाते. मजकूर जागेत बसत नसेल तर तो मी बसवतो, म्हणजे कापतो. त्यामुळे कचेरीत मला 'कात्री' म्हणतात. वय चव्वेचाळीस, अविवाहित. शेवटची बाब पुढे कामी येणार असल्याने नोंदवली आहे.

२. आपल्या हद्दीतील एकपडदा चित्रपटगृहात दि. ७ सप्टेंबरपासून एक चित्रपट चालू आहे. नायक लाँड्री चालवतो, नायिका बस चालवते आणि दोघांचे भांडण एका हरवलेल्या बटणावरून सुरू होते. दर दहा मिनिटांनी एक जुने, लोकप्रिय, सर्वांना तोंडपाठ असलेले गाणे येते. चित्रपटात कोणाचेही वाईट होत नाही; खलनायकाचे काम एका बंद पडलेल्या बसकडे आहे. दि. १० रोजी मी कामानिमित्त दुपारचा खेळ पाहिला. पहिल्याच गाण्याला सगळे प्रेक्षक गाऊ लागले.

३. परतल्यावर मी चौदा ओळींची बातमी लिहिली. पान लावताना हरवलेल्या पोपटाची जाहिरात आली. तिला तीन ओळी हव्या होत्या. आमच्याकडे बातमी अशीच लिहितात की खालून कितीही कापली तरी वरचे सगळे शाबूत राहावे. मी खालच्या तीन ओळी कापल्या. उरलेल्या अकरा ओळींत प्रेक्षक मोठ्याने गातात, मागच्या रांगा टाळ्यांचा ठेका धरतात, काही जण उभे राहतात आणि त्यामुळे संवाद ऐकू येत नाहीत, एवढेच होते. कापलेल्या तीन ओळी अशा : 'खेळ संपल्यावर कुणीही तक्रार केली नाही. बाहेर पडताना अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत होती. प्रस्तुत प्रतिनिधीही शेवटच्या चार ओळी गायला.' पोपट दुसऱ्या दिवशी सापडला.

४. अकरा ओळींच्या आधारे आपण पाच दिवसांत आदेश काढला. त्याचे कलम ४ असे : 'प्रेक्षागृहात प्रेक्षकांनी एकत्र गाऊ नये.' आदेशाच्या भाषेबद्दल माझी तक्रार नाही. पाच शब्दांत इतके स्पष्ट लिहिलेले वाक्य आमच्याकडे आठवड्यातून एखादेच येते. अडचण त्यातल्या एकाच शब्दाची आहे.

५. दि. १७ सप्टेंबर रोजी मी पुन्हा गेलो. या वेळी काम नव्हते. तिकीटखिडकीवरच्या मावशींनी न विचारता एफ-१२ दिले, कारण मागच्या वेळी मी तिथेच बसलो होतो. एफ-११ वर एक बाई बसतात. त्या जवळच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान दोन ते पाच बंद असते, म्हणून त्या दिवशी त्या येतात. त्या दिवशी आदेशामुळे प्रेक्षागृह दवाखान्यासारखे शांत होते. मग ते युगुलगीत आले, ज्यात नायक म्हणतो की तुझे घड्याळ मागे आहे आणि नायिका म्हणते की तुझेच पुढे आहे. नायिकेची पहिली ओळ बाईंनी एकटीने म्हटली, पडद्याबरोबर, नीट ऐकू येईल अशी.

६. डोअरकीपर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, बॅटरी घेऊन आले. म्हणाले, "बाई, आदेश आहे." बाई म्हणाल्या, "आदेश वाचा मामा. एकत्र म्हटलंय. मी एकटी आहे." मामांनी खिशातून आदेश काढला, बॅटरीच्या उजेडात कलम ४ दोनदा वाचले आणि म्हणाले, "बरोबर आहे." ते निघून गेले. तोवर नायकाची ओळ आली होती आणि ती कोणीच म्हणत नव्हते. बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही एकटे नाही का?" मी म्हटले, आहे. "मग म्हणा की." मी म्हटली. माझा आवाज चांगला नाही, हे या ठिकाणी प्रामाणिकपणे नमूद करतो.

७. तेव्हापासून आठ खेळांत आम्ही ते गाणे आलटून पालटून गायलो आहोत. आदेशाचा भंग एकदाही झालेला नाही. बाकीच्या प्रेक्षकांनीही कलम ४ चा अभ्यास केला. डी रांगेत एक निवृत्त कवायत मास्तर बसतात. त्यांनी इतर गाण्यांची शब्दवार वाटणी करून चिठ्ठ्या तयार केल्या. आता प्रत्येक प्रेक्षक आपल्या वाट्याचा एकच शब्द म्हणतो आणि गप्प बसतो. लगेच शेजारचा पुढचा शब्द म्हणतो. दोन तोंडे एका वेळी उघडी दिसली तर मास्तर मागे वळून पाहतात. हे ऐकायला आता पूर्वीपेक्षा जास्त लोक येतात. गुणगुणणे हे गाण्यात मोडते काय, असे मामांनी आपल्या कार्यालयाला लेखी विचारले होते. 'बाब विचाराधीन' असे उत्तर आले. तोवर आपापल्या जबाबदारीवर गुणगुणावे, असे त्यांनी खडूने दारावर लिहिले आहे.

८. दि. ४ ऑक्टोबर रोजी आपण स्वतः तपासणीसाठी आला होता व जी-९ वर बसला होता. मास्तरांनी आपल्यालाही चिठ्ठी दिली. आपल्या वाट्याला 'उशीर' हा शब्द आला होता आणि आपण तो अगदी वेळेवर म्हटलात. मी त्याची बातमी केलेली नाही. हा मुद्दा दडपण म्हणून घातला आहे असे कृपया समजू नये. आपणास गाण्याची जाण आहे, एवढेच दाखवायचे आहे.

९. आता मूळ अडचण. त्या युगुलगीताच्या शेवटच्या चार ओळींत नायक-नायिका आपापली घड्याळे काढून ठेवतात आणि एकत्र गातात. तिथे कलम ४ लागू होते. म्हणून त्या चार ओळी येतात तेव्हा सगळे प्रेक्षागृह तोंड मिटून बसते आणि मामा बॅटरी स्वतःच्या बुटांवर धरून उभे राहतात. त्या ओळी तुम्ही एकट्याने म्हणा, असे मी बाईंना सुचवून पाहिले. त्या म्हणाल्या, "त्या एकट्यानं म्हणायच्या असत्या तर तशा लिहिल्या असत्या ना."

१०. यात माझा वैयक्तिक गुंताही आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही. काय काम करता, असे बाईंनी मध्यंतरात विचारले होते. मी म्हटले, कापण्याचे. कचेरीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. बाईंना मी शिंपी वाटलो. पुढच्या शुक्रवारी त्या दुकानात घालायचा पांढरा कोट घेऊन आल्या. "बाह्या दोन इंच कमी करा. लोकांच्या डोळ्यात जातात." त्याच वेळी खुलासा करायला हवा होता. मी "कधीपर्यंत हवा?" असे विचारले. ही एकवीस वर्षांची सवय आहे. कोणी काहीही हाती दिले की मी आधी वेळ विचारतो.

११. कोट माझ्या थोरल्या बहिणीने शिवला. घरी तिचे शिवणयंत्र आहे. शिवताना ती जे बोलली त्यातले अर्जात बसेल तेवढेच देतो. "तू बातमीसारखा जगतोस. जे काय आहे ते पहिल्या ओळीत सांगून मोकळा, आणि पुढचं कापायला तयार. यावेळी तर पहिली ओळसुद्धा खोटी सांगितलीस." मी म्हटले, खोटी नाही, संदिग्ध. ती म्हणाली, "बाही धर नीट." बाह्या बाईंना पसंत पडल्या. त्यांनी आता पडदे आणण्याचे ठरवले आहे. सात खिडक्या आहेत.

१२. याहून गंभीर बाब अशी. जवळचे दिसते की नाही हे पाहण्यासाठी बाई गिऱ्हाइकांना आमच्याच सायंदैनिकाचे तिसरे पान वाचायला देतात, कारण इतकी बारीक अक्षरे दुसरीकडे मिळत नाहीत. संदर्भ क्र. २ मधील वृत्त त्यांनी असेच एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकले. आदेश त्याच बातमीवरून निघाला हे त्यांना ठाऊक आहे. दि. २७ सप्टेंबर रोजी त्या मला म्हणाल्या, "ज्यानं ते लिहिलं ना, त्याचे डोळे मला एकदा तपासायचेत. शेजारी बसलेली माणसं दिसली नाहीत त्याला." मी चष्मा काढून पुसत बसलो. त्या म्हणाल्या, "नंबर वाढलाय का तुमचा?"

१३. शनिवारी चित्रपट बदलतो. नवा चित्रपट पाणबुडीबद्दल आहे व त्यात एकही गाणे नाही. मंगळवारी-शुक्रवारी अडीच वाजता एफ-११ शेजारी बसायला त्यानंतर मला काही निमित्त उरणार नाही. पडदे आहेत, पण पडद्यांच्या आधारावर मला काही उभे करायचे नाही.

१४. म्हणून मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे. गुरुवारी दि. १७ रोजी कापलेल्या तीन ओळी पान ३ वर, मूळ जागी, चुकीच्या दुरुस्तीसह आणि माझ्या नावाने छापणार आहे. संपादकांची संमती घेतली आहे. ते म्हणाले, "पाच आठवड्यांनी दुरुस्ती? पोपटसुद्धा लवकर सापडला होता." त्या दुपारी कोणीतरी गिऱ्हाईक बाईंच्या समोर बसून हनुवटी टेकवून ती मोठ्याने वाचेल. नाव छापल्याने बाईंना काही कळणार नाही, कारण मी त्यांना एफ-१२ म्हणूनच ठाऊक आहे. म्हणून दुरुस्तीच्या शेवटी एक ओळ जोडली आहे : 'सदर प्रतिनिधी शिंपी नाही. कोटाच्या बाह्या त्याच्या बहिणीने शिवल्या.' ही ओळ सर्वांत खाली असली तरी ती कापायची नाही, असे जुळणी विभागाला लेखी कळवले आहे. असे मी पहिल्यांदाच कळवले. ते विचारायला वर आले होते.

१५. त्यानंतर शुक्रवारी बाई आल्या नाहीत तर या अर्जाचे काही काम नाही. तो दप्तरी दाखल करावा. त्या आल्या, तर युगुलगीत चालू होईल, आम्ही आपापल्या ओळी आदेशानुसार म्हणू आणि शेवटच्या चार ओळी येतील. मला त्यांना जे विचारायचे आहे ते मी स्वतःच्या शब्दांत दोनदा लिहून पाहिले. दोन्ही वेळा ते चांगले उतरले आणि दोन्ही वेळा मी ते कापून एका ओळीवर आणले. त्या गाण्यात ते चार ओळींत आहे व त्यातली एकही ओळ जास्तीची नाही. बाईंनी माझ्याबरोबर त्या म्हटल्या तर ते उत्तर समजायचे, नाही म्हटल्या तर तेही उत्तर समजायचे. पण परवानगीच नसेल आणि त्या गप्प राहिल्या, तर त्या माझ्यावर रागावल्या आहेत की कलम ४ पाळत आहेत, हे मला उरलेल्या आयुष्यात कळणार नाही. बाई कायदा काटेकोरपणे पाळतात, हे वर परिच्छेद ६ मध्ये आलेच आहे.

१६. तरी विनंती की, शुक्रवार दि. १८ रोजी, अंदाजे चार वाजून दहा मिनिटांनी, बावीस सेकंदांपुरते, आसन क्र. एफ-११ व एफ-१२ यांना कलम ४ मधून सूट द्यावी. इतर प्रेक्षकांनाही ती लागू करावी असे कवायत मास्तरांचे म्हणणे आहे व मामांचाही त्याला पाठिंबा आहे. मामा म्हणतात, "चार आठवडे बुटांकडं बघतोय मी." परंतु माझी मागणी दोन आसनांचीच आहे. पूर्ण आदेश मागे घेतल्यास हरकत नाही. उत्तर गुरुवारी सकाळी अकराच्या आत मिळाल्यास सोयीचे होईल, म्हणजे दुरुस्तीच्या खाली आणखी एक ओळ घेता येईल. जागा मी राखून ठेवली आहे. पोपटाची जाहिरात आली तरी देणार नाही.

१७. अर्ज लांबला आहे याची जाणीव आहे. आपल्या दप्तरात जागा कमी पडत असेल, तर कृपया तो या वेळी वरून कापावा.

आपल्या परवानगीची वाट पाहणारा, नम्र,

(सही)
उपसंपादक, पान ३
तूर्त एफ-१२

सोबत :
१) मूळ बातमी, चौदा ओळी. खालच्या तीन ओळींवरची लाल रेघ माझी आहे.
२) गुरुवारच्या दुरुस्तीचा मसुदा.
३) कवायत मास्तरांची एक चिठ्ठी. शब्द : 'उशीर'. जी-९ वर राहिली होती, परत करीत आहे.
४) शुक्रवारच्या खेळाची एफ-११ व एफ-१२ ची तिकिटे, छायाप्रत. मूळ तिकिटे जोडलेली नाहीत. त्यांपैकी एक माझ्याकडे असून दुसरे तिकीटखिडकीवरच्या मावशींनी बाईंच्या नावे बाजूला काढून ठेवले आहे. त्या येतील, असे मावशींचे मत आहे.