हाकेची वही

काका, आज रविवार आहे आणि मी गच्चीवर उन्हात बसून तुम्हाला लिहितेय. पोरगी काठी घेऊन माकडांना हाकलतेय, आई खाली भाजी निवडतेय. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. तुम्ही माझे सख्खे काका नव्हतात, आमच्या घराजवळच ब्रह्माघाटाच्या गल्लीत राहायचात एवढंच. पण कारखान्यात सगळ्यांसमोरसुद्धा मी तुम्हाला काकाच म्हणायचे आणि तुम्ही कधी रोखलं नाहीत. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं, चुका होतील. पूर्वी तुम्ही लाल पेन्सिलीने गोल करायचात, आता कोणी करत नाही. उद्या मला कारखान्याच्या दफ्तरात एक कागद द्यायचाय. त्यात तुमच्याबद्दल लिहिलंय आणि माझ्याबद्दलही. तो देण्याआधी तुम्हाला लिहून बघते.

माझे हे सुरतेला कामाला गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हा पोरगी दोन वर्षांची होती. मी रामघाटाला आईकडे येऊन राहिले. हिंदी टायपिंग तेवढं येत होतं. तुम्ही आईला म्हणालात, "पोरीला पाठवा माझ्याकडे, बसायला शिकली की काम शिकेल." नोकरी कच्ची, दर तीन महिन्यांनी कागद निघायचा तेव्हा पुढचे तीन महिने. कागद यायला एक दिवस उशीर झाला की मी ताट तसंच सारून ठेवायचे. आपल्या विभागाचं काम म्हणजे पत्रकं. कोणतं मशीन कसं उघडायचं, कसं धुवायचं, हवेची टाकी कशी तपासायची, एकेक पायरी नंबर घालून. इंजिनियर लोक ठरवणार, तुम्ही ते कामगाराला कळेल अशा हिंदीत मांडणार, मी टाइप करणार, मग छापून मशीनपाशी लटकवायचं. मला आधी वाटायचं, हे काय काम, नुसते नंबर.

पहिल्याच आठवड्यात मी तुमची बोलणी खाल्ली. एका पत्रकातली सहावी पायरी साहेबांनी काढून टाकली होती. मी तिच्या जागी सातवीला सहा नंबर दिला, पुढचे सगळे एकेकाने वर सरकवले आणि खूश होऊन कागद तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही पेन्सिल टेबलावर आपटलीत. "नंबर तुझ्या बापाचा आहे का गं?" सगळा हॉल बघायला लागला. मी रडले. मग तुम्ही पेरू कापलात, मीठ लावून अर्धा माझ्यापुढे सारलात आणि म्हणालात, "आपल्याकडे गल्लीत एखादं घर पडलं तर त्याचा नंबर शेजारच्याला देतात का? पोस्टमन कुठे जाईल? एकदा दिलेला नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. पायरी गेली तर तिथे लिहायचं, सहा, रद्द. जागा रिकामी राहू दे."

त्याच दिवशी तुम्ही मला ती वही दाखवलीत. लांबट, लाल कापडाची. पत्रकं एकमेकांची नावं घेतात ना, म्हणजे धुण्याच्या पत्रकात लिहिलेलं असतं की आधी टाकीच्या पत्रकातली अमुक नंबरची पायरी करा. कोणतं पत्रक कोणाला असं बोलावतं ते सगळं तुम्ही त्या वहीत लिहून ठेवलं होतंत. "कागद कागदाला हाक मारतो," तुम्ही म्हणालात. "हाक मारली आणि त्या घरातून भलताच माणूस बाहेर आला तर?" तेव्हापासून आपण तिला हाकेची वही म्हणायचो. एक अक्षर बदलायचं असलं तरी आधी वही उघडायची, हाक कुठून कुठून येते ते बघायचं, मग पुढे.

मग कॉम्प्युटरचं ते नवं मशीन आलं. तोवर आपण हिंदी अक्षरं दिसावीत म्हणून आत कार्ड बसवलेल्या जुन्या मशीनवर साध्या फाइली करत होतो. नुसती अक्षरं, ना चौकट ना काही, नंबर हाताने टाइप करायचा. नव्या मशीनवर सगळं सुंदर दिसायचं, जाड अक्षर, तक्ते, आणि नंबर आपोआप पडायचे. बड्या साहेबांनी मीटिंग घेतली, पत्रकं यापुढे कशात ठेवायची म्हणून. तुम्ही म्हणालात, "साध्या फाइलमध्ये मी जे टाइप केलं तेच असतं. यात मशीन आपल्या मनाने काय घालतं ते मला दिसत नाही. ही पत्रकं वीस वर्षांनीही उघडली पाहिजेत." साहेब हसले. "पंडितजी, दुनिया कहाँ की कहाँ पहुँच गई, और आप अभी खड़ाऊँ पहने बैठे हैं." सगळे हसले. मग साहेब माझ्याकडे वळले. "टाइप तो बहनजी को करना है. आप बताइए, कौन सा आसान है?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, चष्मा पुसत बसलात. मला माहीत होतं तुमचं बरोबर आहे. पण मला हेही माहीत होतं की माझ्या कागदावर सही साहेबांची होते. मी म्हटलं, "नया वाला, सर." साहेब म्हणाले, "देखा?" बाहेर आल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "ठीक आहे. पण वही सोडायची नाही." मी म्हटलं, "नाही काका."

पुढे चार-पाच महिन्यांनी टाकीच्या पत्रकातली नववी पायरी काढायचा हुकूम आला. शनिवार होता, थंडीचे दिवस. मी नव्या मशीनवर ती ओळ खोडली. रांगेतला एक माणूस उठला की मागचे सगळे पुढे सरकतात ना, तसे नंबर आपोआप सरकले. मला दिसले सरकलेले. मी बघितलं आणि तशीच उठले. पोरीला ताप होता, मला लवकर घरी जायचं होतं. तुम्ही म्हणालात, "जा जा, तिच्याकडे बघ. आकडे वहीत बघितलेस ना?" मी म्हटलं, "हो काका, बघितले." तुम्ही तपासणाऱ्याच्या जागी सही केलीत. एरवी तुम्ही स्वतः ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करत नव्हतात. त्या दिवशी माझ्या शब्दावर केलीत.

दुसऱ्या दिवशी रविवारी तुम्ही आमच्या घरी आलात, चार मजले चढून, ह्याच गच्चीवर. हातात काकूंनी दिलेली होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली. पोरगी इथेच उड्या मारत होती. तुम्ही तिच्या कपाळाला हात लावलात. "बरी दिसते की आता." मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत. "असू दे. पुन्हा कधी आला ताप, तर चार-चार दे." पाणीसुद्धा न पिता खाली उतरलात.

महिनाभर काही झालं नाही. जुने कामगार कुठे कागद वाचतात, त्यांना सगळं तोंडपाठ. पण धुण्याच्या कामावर दुसऱ्या खात्यातून एक माणूस बदलून आला. नवीन माणूस, तो कागद बघून काम करायचा. धुण्याच्या पत्रकात लिहिलेलं होतं, टाकी धुवायला घेण्याआधी टाकीच्या पत्रकातला क्रमांक सतरा करा. सतरा म्हणजे आतली हवा सोडा, काटा शून्यावर आणा. पण माझ्या नव्या पत्रकात हवा सोडायची पायरी सोळावर गेली होती आणि सतराला आलं होतं, झाकणाचे बोल्ट सैल करा. त्याने सतरा वाचलं आणि हवा भरलेल्या टाकीचे बोल्ट सैल केले. झाकण उडून त्याच्या हातावर बसलं. मनगट मोडलं आणि दोन बोटं कायमची वाकडी झाली. त्याला उचलून नेताना तो एकच सांगत होता, "हम तो कागज़ देख के किए भइया, कागज़ में जो लिखा रहा वही किए."

चौकशीला तीन साहेब बसले होते. मला आत बोलावलं, तुम्ही आधीपासून तिथे उभे होतात. पत्रक समोर होतं. एकाने विचारलं, "नंबर किसने बदले?" नोकरी गेली, पोरीला घेऊन कुठे जाऊ, एवढंच डोक्यात. माझ्या आधी तुम्हीच बोललात. "ये तो बस टाइप करती है, साहब. देखना मेरा काम था. दस्तखत मेरे हैं." मला त्यांनी जायला सांगितलं. आणि मी गेले, काका. दारापर्यंत नऊ-दहा पावलं होती. कोणत्याही पावलाला मागे वळून बोलता आलं असतं.

तुमच्या फाइलमध्ये शेरा पडला, कामात निष्काळजी. रिटायर व्हायला दोन महिने राहिले होते. जाताना हारतुरे झाले नाहीत, चहासुद्धा नाही. शेवटच्या दिवशी तुम्ही वही माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "सांभाळ." चौकशीबद्दल तेव्हा बोलला नाहीत, नंतर गल्लीत भेटायचात तेव्हाही नाही. पोरगी कशी आहे ते मात्र दर वेळी विचारायचात. त्याच वर्षी माझी नोकरी पक्की झाली. मी तुमच्याकडे पेढे घेऊन आले, तुम्ही एक घेतलात आणि डोक्यावर हात ठेवलात. तो हात मला अजून जड वाटतो.

तुमच्या तेराव्याला मी स्वयंपाकघरात काकूंच्या हाताखाली होते. वरण ढवळताना काकू आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पाठशाळेचे लोक पोथ्या तपासून सही घ्यायला आणायचे ना, शेवटचं वर्षभर सगळ्यांना परत पाठवलं त्यांनी. म्हणायचे, माझ्या सहीला आता काय किंमत. एवढा अभिमानी माणूस गं." मी पळी तशीच धरून उभी राहिले. वरण खाली लागलं. काकू म्हणाल्या, "अगं ढवळ ना, लक्ष कुठेय तुझं?"

आता साल दोन हजार येतंय म्हणून सगळी जुनी मशीनं बदलायचा हुकूम निघालाय. बडे साहेब बदली होऊन केव्हाच गेले, नवीन साहेब आलेत, शिकलेले, सगळ्यांशी नीट बोलतात. पत्रकं कशात ठेवायची हा प्रश्न पुन्हा आला आणि त्यांनी पुन्हा मलाच विचारलं. तुम्ही हसाल, काका. तुमच्या साध्या फाइली जुन्या मशीनवर अजून उघडतात आणि साहेब म्हणतात, यातलं काढून कशातही घालता येईल. माझ्या त्या सुंदर फाइली मात्र एकाच फॉन्टवर अडून बसल्यात. नव्या मशीनवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आणि नंबर तर मुळीच नाहीत. ते फाइलमध्ये लिहिलेलेच नव्हते म्हणे, प्रोग्रॅम दाखवायचा तेवढेच होते. मी साहेबांना सांगितलं, साधी फाइल, नंबर हाताने, रद्द झालेली जागा रिकामी, आणि जोडीला ही वही. साहेब म्हणाले, "बहनजी, बात जँचती है. पर लिखकर दीजिए, कारण के साथ. 'काका कहते थे' नहीं चलेगा."

म्हणून मी कारण लिहिलंय. हिंदीत, दीड पान. टाकीच्या पत्रकाचा बदल मी केला होता, वही उघडली नव्हती, तरी तपासलं असं सांगितलं. तपासणाऱ्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली, त्यांचा दोष नाही, त्यांच्या फाइलमधला शेरा काढावा. खाली माझी सही. वाचून साहेब काय करतील ठाऊक नाही. पक्की नोकरीसुद्धा जाते म्हणतात. आईला सांगितलेलं नाही. कागद दोनदा पर्समधून काढून कपाटात ठेवला, आज सकाळी पुन्हा पर्समध्ये ठेवलाय. उद्या देणार. हे पत्र मात्र ह्याच वहीत घडी करून ठेवीन. ते पाठवायचं कुठे आणि कोणाला?

त्या कागदात मी एक ओळ घातलीय, की मुलगी आजारी असल्यामुळे मी घाईत होते. वर तुम्हालाही तेच लिहिलं, हात आपोआप तसाच चालला. इतकी वर्षं स्वतःलाही तेच सांगत आलेय.

काका, तिला ताप नव्हता. मी त्या दिवशी घरी गेलेच नाही. संकठा घाटावर गेले. कोणी विचारलंच तर देवीला आले होते म्हणता येईल म्हणून तिथे. पुडीतल्या शेंगा खात, पाय पसरून उन्हात बसले. दोन तास मी कोणाचीच नव्हते, आणि मला फार बरं वाटलं. तुमची बाटली कपाटात आहे. तिचं बूच मी कधी उघडलंच नाही.