आधी कंदील सोड

म्हसळा, ३ मार्च २०२५

चि. विहंग यास आजीचे अ. आ.

पत्र तुझी आई लिहिते आहे. मी ‘न्हाय’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. शिकलेली सून केली, भोगते. फोनवर तू ‘हो आजी’ म्हणून विसरतोस, म्हणून हा कागद. खिशात ठेव.

तू आणलेली सफरचंदं नवरीसारखी लाल, दाताखाली कुरकुरीत, पण वास? धुतलेल्या वाटीला येईल तेवढा. म्हणालास, आश्विनात तोडलेली, तुमच्या गोदामाच्या थंड खोलीतली हवा काढून तिथं निजवलेली. फार निजली की वास हरवतो, मग गिऱ्हाईक हुंगून परत ठेवतं. एक मी पेंढ्यात ठेवलं, चौथ्या दिवशी जरासं दरवळलं. फळ जागं होतं, बाबा. माणूस होत नाही.

त्या खोलीत तू जातोस हे कळल्यापासून घास उतरत नाही. आपल्या विहिरीचा गाळ काढायच्या आधी आत कंदील सोडायचे; विझला तर खाली श्वासापुरती हवा नाही. एकदा तो विझला. तुझे आजोबा म्हणाले, तेल संपलं असेल, आणि उतरले. वर आले ते दोरीला बांधून. तुमचं हवेचं यंत्र काही सांगो, तू आधी जाळ धर. हसतील, हसू देत.

माया आहेच, जीव सांभाळ.
आजी (अंगठा)

तळोजा, १९ मार्च २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र परत पाठवतोय, रागावू नकोस.

काल व्यापाऱ्याने वासाची तक्रार केली. साहेब म्हणाले, सकाळपासून पंखा लावून आत ताजी हवा सोडलीय, एक पेटी काढून आणा. हवा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. माझा जोडीदार कमलेश दाराच्या झडपेतून आत शिरणार, तेवढ्यात मी त्याला मागे ओढलं. कंदील कुठला आणू? खिशातल्या तुझ्या कागदालाच काडी लावून तो आत धरला. कमलेश हसत होता. जाळ विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. पंखा कुणी लावलाच नव्हता.

कमलेशने स्वतःच झडप लावून घेतली.

आशीर्वाद असाच पाठीशी असू दे.
तुझा विहंग

म्हसळा, २४ मार्च २०२५

चि. विहंग यास अ. आ.

तुझं वाचताना तुझी आई तीनदा थांबली. आता लिहितानाही डोळे पुसते आहे, डाग दिसले तर ते तिचे.

यंत्र आल्याशिवाय दाराला हात लावू नकोस. आणि त्या कमलेशलाही घेऊन ये, दुसरं सफरचंद पेंढ्यात घातलंय.

परत आलेला कागद मी मागून घेतला. अक्षरं मला कधी कळली नाहीत; पण त्याची काळी कड माझी मलाच वाचता आली.

लवकर ये, एवढंच मागणं.
आजी (अंगठा)