सज्जनची चाल

४ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
आजपासून रोज लिहिणार. संकल्प तीन. व्यायाम, चहा कमी, कुणावर ओरडायचं नाही. तिसरा उगाच. माझ्याइतका थंड डोक्याचा माणूस लॅबमध्ये दुसरा नाही.

माझा रोबो तयार झाला. नाव ठेवलं सज्जन. कमरेएवढा उंच, वजन नव्वद किलो. हॉस्पिटलच्या गर्दीतून औषधांचे ट्रे पोचवणार. अठ्ठावीसला कमिटीपुढे ट्रायल. पास झाला तर मी पर्मनंट. नाहीतर प्रोजेक्ट पलीकडच्या टेबलावरच्या बाईंकडे, आणि मी घरी. बाई गर्दीचं सिम्युलेशन करतात, म्हणजे दिवसभर स्क्रीनवर ठिपके पळवतात.

गर्दीतून सभ्यपणे कसं चालावं, हे सज्जनला कुणीतरी शिकवायला हवं होतं. सहा महिने कमरेला सेन्सर बांधून मीच चाललो. ऑफिस, बाजार, जिने, घर. मला गर्दीत कधी धक्का लागत नाही. लोक आपणहून वाट देतात.

७ फेब्रुवारी
पहिली फेरी. सज्जन वॉचमनच्या नडगीवर आदळला. तीन टाके. समोरून येणारं दिसत असूनही वॉचमन जागचा हलला नाही. असल्या लोकांचं काय करणार.

९ फेब्रुवारी
दोष चाकांचा होता. चाकं बदलली. कँटीनवाला ट्रेसकट आडवा. उकळता चहा त्याच्याच पोटावर. सज्जनवर थेंबही नाही.

१२ फेब्रुवारी, दुपारी
सज्जनने विभागप्रमुखांना लिफ्टच्या दारावर दाबून धरलं. बरगडीला बारीक तडा. ते ओरडत होते तरी हा मागे हटेना, रेटतच राहिला. चिकाटी उत्तम उतरली आहे. नंतर विभागप्रमुख मला वाटेल ते बोलले. मी शांतपणे ऐकून घेतलं. मग खोलीचं दार लावून सज्जनला चार लाथा घातल्या. अंगठ्याचं नख गेलं.

लॅबमधले त्याला रेडा म्हणायला लागलेत. जळतात.

१३ फेब्रुवारी
संकल्प: लाथ घालायची तर बूट घालून.

१६ फेब्रुवारी
बाईंनी सज्जनची चाल त्यांच्या सिम्युलेशनमध्ये घातली. एक कॉरिडॉर, चारशे ठिपके, सज्जनचा ठिपका लाल. अडीच मिनिटांत एकतीस जण चिरडले, बहुतेक दारापाशी. उरलेले भिंतींना चिकटून राहिले आणि लाल ठिपका मधून ऐटीत निघून गेला. बाई म्हणाल्या, चाकं ठीक आहेत, शिकवणीत गडबड आहे. म्हणजे माझ्या शिकवणीत. मी फक्त टेबलावर मूठ आपटली. त्यांचा मॉनिटर पडून फुटला. इतक्या कडेला ठेवू नये.

घरी बायकोला विचारलं, मी चालताना लोकांना धक्के देतो का. ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होती. नाही म्हणाली. प्रश्न संपायच्या आत म्हणाली.

२१ फेब्रुवारी
सफाईच्या मावशी पाठमोऱ्या फरशी पुसत होत्या. सज्जन मागून गेला. मनगट मोडलं. कडकन आवाज झाला, मला टेबलापर्यंत ऐकू आला. जेवण गेलं नाही.

२२ फेब्रुवारी
फळं घेऊन मावशींकडे गेलो. म्हटलं, जरा बाजूला व्हायचं होतं. मावशी म्हणाल्या, साहेब, तुमच्या बुटांचा आवाज लांबून येतो, म्हणून बादली उचलून भिंतीला लागता येतं, ह्या मशीनचा आवाजच नाही. मी म्हटलं, रेड्याचा ना. सहज विनोद केला. त्या म्हणाल्या, ते नाव आधीपासूनचं आहे, मशीनला आत्ता दिलंय.

फळांची पिशवी परत घेऊन आलो. विसरून.

२४ फेब्रुवारी
विभागप्रमुखांनी माझी सहा महिन्यांची चाल सज्जनमधून काढून टाकायला लावली. आता बाईंनी मावशींच्या कमरेला सेन्सर बांधलाय. मावशी म्हणाल्या, हात मोडलाय, पाय धड आहेत.

चालण्यात शिकवण्यासारखं काय असतं म्हणा.

२८ फेब्रुवारी, दुपारी १
ट्रायल. कॉरिडॉर खच्चून भरलेला. सज्जन कुणालाही न शिवता गेला. समोरून स्ट्रेचर आलं, तर भिंतीला लागून उभा राहिला. अकरा सेकंद. सगळे गेल्यावर निघाला. कमिटीने टाळ्या वाजवल्या. मावशींना एका हाताने वाजवता येईनात, म्हणून त्या मांडीवर थापट्या मारत होत्या. प्रोजेक्ट बाईंकडे गेला. मला महिन्याची मुदत.

सज्जनला लाथ मारायला गेलो. तो बाजूला झाला. मी भिंतीवर.

संध्याकाळी ६.४०
घरी आलो. बायको चहाचा कप घेऊन पॅसेजमध्ये. मला बघताच तिने भिंतीला पाठ लावली, कप छातीशी धरला. अठरा वर्षं अशीच उभी राहते. मला वाटायचं, माझी वाट बघते.

फार वाईट वाटलं. म्हटलं, आधी तू जा. ती हलेना. तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का.

संकल्प केला. सज्जन थांबतो तसं अकरा सेकंद थांबायचं. मनात मोजायला लागलो. चारपर्यंत आलो.

चहा तिच्या मनगटावर सांडला. बर्फ लावून बसली आहे. पॅसेजच अरुंद आहे.