केतकीने मार्कर पुढे केला

मंगळवार, ७ फेब्रुवारी २००६, ॲन आर्बर

सुटले बाई! केतकी शाळा सोडत नाहीये.

ही नागपूरची पोरगी यंदाच शिक्षिका झाली. तिला सांभाळून घ्यायचं काम माझ्याकडे, कारण मी या शाळेतली जुनी शिक्षिका. गणित सुंदर शिकवते, पण मुलांनी तिची चूक काढली की तिला तो उद्धटपणा वाटतो. मागच्या आठवड्यात त्यावरून वर्गावर ओरडली, मग माझ्या गाडीत बसून रडली. "काकू, मी रिझाइन करते."

आज मी तिच्या वर्गात मागे बसले होते. उदाहरण सोडवताना तिने उणेचं चिन्ह गाळलं. उठून सांगू? नको. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. तेवढ्यात एमिली म्हणालीच, "मिस, दॅट्स राँग."

केतकी लालबुंद. आता ओरडणार, या भीतीने मी हात आणखी दाबले. पण तिने एमिलीपुढे मार्कर धरला. "शो मी."

पार्किंगमध्ये म्हणाली, "काकू, रिझाइन कॅन्सल. पण तुम्हाला चूक दिसली नव्हती का?"

"नाही गं," म्हटलं, आणि हात खिशात घातले. खुर्चीच्या काठाचे वळ अजून तसेच होते.