पेशंटची हजेरी

६ जानेवारी १९६४
आजपासून रोजनिशी. कारण निव्वळ शास्त्रीय. बायकोच्या, म्हणजे इंदुमतीच्या, मांजरीचं महूला जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, काल टोपलीतून बसने घरी आणली. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मांजर टांग्याच्या चाकाखाली आली होती. संध्याकाळी गल्लीच्या मधोमध बसून होती म्हणे. बसायला जागा तरी बघावी माणसाने. मांजराने.

डॉक्टर म्हणाले, खुब्यातल्या हाडाचा गोळाच काढून टाकलाय. मी विचारलं, मग सांधा चालणार कशावर? तर म्हणे, हाड गेलं तरी चालतं, आजूबाजूचं मांस सांभाळून घेतं. फक्त तिला चालवा. महिन्याभरात पाय टेकला नाही तर आखडेल, मग जन्मभर लोंबता.

मी मिलच्या टाइम ऑफिसात आहे. हजारो मजुरांना भोंग्यावर चालवतो. एक मांजर म्हणजे काय चीज आहे!

ठराव: नावाने हाक मारायची नाही. इंदुमती तिला छबी म्हणायची. मी पेशंट म्हणणार. लाड सुरू झाले की डिसिप्लिन गेली.

७ जानेवारी
सकाळच्या भोंग्यावर पहिली कवायत. पेशंटला मधल्या खोलीत उभं केलं, चार हातांवर दुधाची वाटी ठेवली. पेशंट आडवी झाली. मिलला उशीर नको म्हणून वाटी जवळ सरकवली. आडव्यानेच प्यायली. गैरहजर.

दिवसा घराची किल्ली शेजारच्या सुलोचनाबाईंकडे. दुपारी त्या येऊन दूध घालतील, मी येईपर्यंत दार उघडं ठेवून बसतील. स्वतःहून म्हणाल्या. इंदुमतीच्या मैत्रीण.

९ जानेवारी
गैरहजर. टाक्यांवर हळद लावली, ती चाटून तोंड पिवळं करून बसली.

मी चहात मीठ टाकलं. कप संपल्यावर कळलं. म्हणजे चवीवर वगैरे आपण ताबा मिळवलाय. ऑफिसात तुकोजीराव म्हणाले, भिया, एकदा रडून घ्या, मन हल्का हो जाएगा. मी म्हटलं, आत काही असेल तर बाहेर येईल ना! खरंच नाहीये. मी नीट पाहिलंय. इंदुमतीच्या दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. सगळे म्हणाले, खंबीर माणूस. मलाही तसंच वाटतं.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा आपल्याकडे हळदीकुंकू नाही, त्यामुळे घरात शांतता. पेशंटच्या तब्येतीला उत्तम.

सुलोचनाबाईंनी तिळगूळ दिला. वर म्हणाल्या, आज संध्याकाळी छबी दारापर्यंत चालत गेली हो! मी आलो तेव्हा टोपलीत घोरत होती. विचारलं, चारही पायांवर? म्हणाल्या, तीन, आणि चौथा जरासा. बाईंना सणासुदीला गोड बोलायची सवय आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी हजेरी लावत नाही. आजवर कुणाची लावलेली नाही.

१९ जानेवारी, रविवार
मिल बंद. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेशंटसमोर ठाण मांडून बसलो. एक पाऊल नाही. सुलोचनाबाईंची थाप उघडी पडली.

इतका वेळ एका जागी बसलो, पण कंटाळा आला नाही. काहीच आलं नाही. एकाग्रता वाढलीय.

२२ जानेवारी
नवी योजना. पोटाखालून कापडाची पट्टी घालायची, वरून उचलून धरायचं, म्हणजे पाय आपोआप टेकतात. पट्टीसाठी मऊ कापड हवं, म्हणून इंदुमतीची ट्रंक उघडली. मग बंद केली. मध्ये काय झालं ध्यानात नाही, पण मिलवर पोचलो तेव्हा गेट बंद. टाइम ऑफिसातल्या माणसाला लेट मार्क! मीच लावला. तुकोजीराव म्हणाले, राहू द्या ना भिया. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

पट्टी माझ्या जुन्या धोतराची केली. मी चाललो, पेशंट लटकली. खोलीभर फिरलो. व्यायाम माझा झाला.

२७ जानेवारी
पाय बघवत नाही. काटकीसारखा झालाय, केस पण विरळ. महिना भरत आला.

आज ओरडलो. ऊठ म्हटलं, कुणी येणार नाहीये आता तुला उचलायला. रिकाम्या घरात आवाज केवढा मोठा वाटला! पेशंटने जांभई दिली. नंतर तिला मांडीवर घेऊन तो पाय चोळत बसलो. त्याला लाड म्हणत नाहीत, मालिश म्हणतात.

३० जानेवारी
सुलोचनाबाई पुन्हा तेच. म्हणे, रोज जाते दारापर्यंत, तुम्ही बघायलाच नसता. आता हद्द झाली. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकतो आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावतो.

३१ जानेवारी
जेवणाच्या सुट्टीत घरी आलो. सुलोचनाबाई मेथी निवडत होत्या. पेशंट टोपलीत. मी खुर्ची टाकून मागे बसलो. ऊन उतरलं तरी काही नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात संध्याकाळचा भोंगा झाला.

ती उठली. अंग ताणलं आणि चालायला लागली. लंगडत, पण चारही पाय जमिनीला. माझ्या पायाशेजारून गेली, वर पाहिलंसुद्धा नाही. उंबऱ्यापाशी गेली, एका कडेला सरकून बसली आणि गल्लीकडे बघत राहिली.

मी विचारलं, हे काय करून राहिली ही? सुलोचनाबाई म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नाही? भोंगा झाला की वहिनी दार उघडून तिथे बसायच्या, छबी शेजारी. म्हणायच्या, चल गं, येतीलच आता. तुम्ही कोपऱ्यावर दिसलात की दोघी उठून आत. वहिनी गेल्या आणि दाराला कुलूप लागलं, तेव्हापासून ही गल्लीत जाऊन बसायला लागली होती. तिथेच टांगा आला.

इतक्या वर्षांत मला कसं ठाऊक असणार! भोंगा होतो तेव्हा मी मिलमध्ये असतो.

सुलोचनाबाई मेथी उचलून घरी गेल्या. मी हाक मारली, छबी. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अगं मी इथेच आहे. तिने पुन्हा तोंड गल्लीकडे केलं.

उंबऱ्याची दुसरी बाजू तिने मोकळी सोडली होती. तिथे जाऊन बसलो. मिलची माणसं डबे हलवत आपापल्या घरात शिरत होती. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं माझी वाट बघत बसलो. मी काही आलो नाही.

पेशंट हजर.